बंडखोर जेम्स हंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉर्म्युला वनबद्दल मराठीतून लिहायला लागल्यापासून मला सगळ्यांत जास्त प्रश्न येतात ते आजच्या ड्रायव्हरांबद्दल नाही, १९९३ मध्येच गेलेल्या एका माणसाबद्दल. गिरगाव, भांडुप, डोंबिवली, विरार, सगळीकडून. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जेम्स हंट म्हणजे नेमका कोण?

१९७६ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता. इंग्रज, जन्म २९ ऑगस्ट १९४७. १९७३ ते १९७९ या काळात तो फॉर्म्युला वनमध्ये धावला आणि १० शर्यती जिंकला. आधी हेस्केथ, मग मॅक्लॅरेन, शेवटी वुल्फ अशा तीन संघांकडून. नंतर तेरा वर्षं बीबीसीवर समालोचन केलं. वयाच्या ४५ व्या वर्षी हृदयविकारानं गेला.

२. त्याला बंडखोर का म्हणतात? दारू, सिगारेट आणि पोरींमुळेच ना?

लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. ते सगळं होतं, लपवण्यासारखं काही नाही. भलत्या मजकुराचे बिल्ले शिवलेला रेसिंग सूट, मोठ्या समारंभात टी-शर्ट आणि अनवाणी पाय, हॉटेलात सोबत ऑस्कर नावाचा अल्सेशियन कुत्रा. मॅक्लॅरेनमध्ये येताना करारातलं सूट-टाय घालण्याचं कलम त्यानं मान्य केलं नाही, ते नाहीच केलं.

पण त्या काळच्या रेसिंगमध्ये दारू पिणारे कितीतरी होते. हंट वेगळा होता तो सोंग न करण्यात. भीती वाटली तर भीती वाटते म्हणायचा. चिडला की चिडलेला दिसायचा. गाडी चालवण्याची इच्छा संपली तेव्हा अर्धा मोसम बाकी असताना घरी निघून गेला. ज्या धंद्यात प्रायोजकाला खूश ठेवण्यासाठी सगळे गोड बोलतात, तिथे हीच खरी बंडखोरी. पुढची बरीचशी उत्तरं याच गोष्टीपाशी येतात.

३. श्रीमंत घरचा होता म्हणून जमलं, असं ऐकलंय. खरं का?

घर खाऊनपिऊन सुखी होतं. वडील शेअर दलाल, शिक्षण वेलिंग्टन कॉलेज या नावाजलेल्या बोर्डिंग शाळेत. मुलानं डॉक्टर व्हायचं ठरलं होतं. अठराव्या वाढदिवसाच्या सुमारास मित्रासोबत तो सिल्व्हरस्टोनला शर्यत बघायला गेला आणि डॉक्टरकी तिथेच संपली.

रेसिंगसाठी मात्र घरून पैसा मिळाला नाही. छोट्यामोठ्या नोकऱ्या करून त्यानं एक मोडकी मिनी (छोटी ब्रिटिश गाडी) हळूहळू उभी केली. पहिल्या शर्यतीला गेला तेव्हा तपासणी करणाऱ्यांनी गाडी उभीच करू दिली नाही, कारण ड्रायव्हरच्या सीटच्या जागी बागेतली टाकाऊ खुर्ची बसवली होती! मध्यमवर्गीय मराठी घरात 'मेडिकल सोडून गाडी चालवणार?' या वाक्यानं जे वादळ उठेल, तेच त्या घरातही उठलं असणार.

त्याच्या काळ्या हेल्मेटवरचे निळे, पिवळे, लाल पट्टे हे त्याच शाळेचे रंग. शिस्तीला आयुष्यभर वैतागलेला माणूस शाळेचे रंग मात्र डोक्यावर मिरवत राहिला.

४. क्रिस्टल पॅलेसला त्यानं दुसऱ्या ड्रायव्हरला मारलं होतं, ती काय भानगड?

ऑक्टोबर १९७०, लंडनचं क्रिस्टल पॅलेस सर्किट, फॉर्म्युला थ्रीची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची शर्यत. शेवटच्या लॅपला (फेरीला), शेवटच्या वळणावर डेव्ह मॉर्गन आणि हंट एकमेकांना भिडले. हंटची गाडी ट्रॅकच्या मधोमध जाऊन थांबली. तो उतरला, तरातरा चालत गेला आणि मॉर्गनला खाली पाडलं. हे सगळं टीव्हीवर दिसलं. पुढे चौकशी झाली. मॉर्गनचं लायसन्स बारा महिन्यांसाठी निलंबित झालं आणि हंट सुटला.

त्या दिवसांत त्याच्या गाड्या वारंवार ठोकल्या जायच्या, त्यावरून 'हंट द शंट' (शंट म्हणजे टक्कर) हे नाव पडलं. ते काही काळ रास्त होतं. १९७५ नंतरच्या हंटला ते लावणं मात्र अन्याय आहे. झांडवूर्टची शर्यत (प्रश्न ५) बघा, मग पटेल.

५. हेस्केथ संघ नक्की काय होता? पार्टी करायला काढलेला संघ का?

लॉर्ड अलेक्झांडर हेस्केथ हा विशीतला तरुण उमराव. त्यानं स्वतःच्या पैशानं संघ काढला. पांढरीशुभ्र गाडी, लाल-निळी पट्टी, वर एका टेडी बेअरचं चित्र आणि प्रायोजकाचं नाव कुठेही नाही. शर्यतीच्या ठिकाणी शॅम्पेन वाहायची. बाकीचे संघ हसायचे.

हसणं लवकरच थांबलं. १९७३ मध्ये 'मार्च' कंपनीच्या विकत घेतलेल्या गाडीतून हंटनं मोनॅकोला फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केलं आणि त्याच मोसमात नेदरलँड्सला तिसरा, अमेरिकेत दुसरा आला. हार्वी पोस्टलथ्वेट हा बुद्धिमान अभियंता संघात होता. त्यानं पुढे हेस्केथची स्वतःची गाडी तयार केली.

१९७५ ला नेदरलँड्समधल्या झांडवूर्टमध्ये सुरुवातीला ट्रॅक ओला होता, सगळे पावसाळी टायरवर सुटले. ट्रॅक सुकायला लागलाय हे हंटनं सगळ्यांच्या आधी ओळखलं आणि लवकर पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागी) येऊन सुक्याचे टायर घातले. बाकीचे थांबून बदलेपर्यंत तो पुढे निघून गेला होता. मग उरलेली शर्यतभर निकी लाउडाची फेरारी आरशात. लाउडा त्या वर्षीचा विश्वविजेता, त्याच्याकडे जास्त ताकदीचं इंजिन. हंटनं एकही चूक केली नाही आणि जेमतेम एका सेकंदानं जिंकला. हा त्याचा फॉर्म्युला वनमधला पहिला विजय आणि हेस्केथ संघाचा एकमेव. वर्षअखेरीस उमरावाचे पैसे संपले.

६. १९७६ ला स्पेनमध्ये जिंकूनही त्याला बाद का केलं?

गाडी १.८ सेंटिमीटर जास्त रुंद भरली म्हणून. त्या शर्यतीपासून रुंदीचा नवा नियम लागू झाला होता आणि कमाल मर्यादा ठरवली होती ती मॅक्लॅरेनच्याच गाडीचं माप घेऊन. दरम्यान टायर बदलले होते, ते बाजूंनी जरा जास्त फुगायचे. पुन्हा मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

विजय लाउडाला दिला गेला. त्यानं ती शर्यत बरगड्या मोडलेल्या असताना चालवली होती, घरी ट्रॅक्टर उलटला होता म्हणून. मॅक्लॅरेननं अपील केलं, जुलैमध्ये फक्त पैशांचा दंड ठेवून हंटला विजय परत मिळाला. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या असं मला वाटतं: नियम मोडला होता, पण त्यातून वेग मिळाला नव्हता.

एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. नियमात बसण्यासाठी मॅक्लॅरेननं गाडीत इतर बदलही केले, त्यात ऑइल कूलर हलवले. त्यानंतर गाडी चालेनाशीच झाली. बेल्जियम आणि मोनॅकोला शर्यत अर्ध्यावर सुटली, स्वीडनला पाचवा. कूलर जुन्या जागी नेले आणि फ्रान्सला हंट जिंकला.

७. मग ब्रँड्स हॅचचा विजय का गेला? तोही मोजमापामुळे?

नाही, ते प्रकरण वेगळं आणि जास्त कटू. १८ जुलैला इंग्लंडमधल्या या सर्किटवर पहिल्याच वळणावर दोन फेरारी, म्हणजे रेगात्सोनी आणि लाउडा, एकमेकांना लागल्या आणि त्या गोंधळात हंटची गाडी मोडली. शर्यत थांबवली. हंटनं ती लॅप पूर्ण न करता मागच्या रस्त्यानं गाडी पिटमध्ये आणली. अधिकारी म्हणाले, हंटला पुन्हा सुरुवात करता येणार नाही. हे कळल्यावर हजारो प्रेक्षकांनी आरडाओरडा सुरू केला. या गोंधळात वेळ गेला आणि तेवढ्यात मेकॅनिकनी मूळ गाडी दुरुस्त केली. अखेर हंटला सुरुवात करू दिली आणि तो लाउडाला मागे टाकून जिंकला.

फेरारीनं तक्रार केली. सप्टेंबरच्या अखेरीस निकाल आला: शर्यत थांबली तेव्हा हंट लॅप पूर्ण करत नव्हता, म्हणून बाद. त्याचे ९ गुण गेले आणि लाउडाचे ६ चे ९ झाले.

८. खरं सांगा दादा, लाउडाचा अपघात झाला नसता तर हंट चॅम्पियन झाला असता का?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो, म्हणून आकड्यांनीच उत्तर देतो. त्या वेळी पहिल्या सहांना ९-६-४-३-२-१ असे गुण असायचे.

१ ऑगस्टला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला लाउडाची गाडी पेटली. त्या सकाळी, तेव्हाच्या हिशेबानं, लाउडा ५८ आणि हंट ३५ वर होता. तेवीस गुणांचा फरक. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स या तीन शर्यतींत लाउडाला शून्य आणि हंटला २१. तेव्हा अपघातानं दार उघडलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू. लाउडा सहा आठवड्यांत, जखमा ओल्या असताना, इटलीतल्या मोंझाला परतला आणि चौथा आला. माझ्या मते या खेळातलं त्याहून मोठं धैर्य कुणी दाखवलेलं नाही. मग ब्रँड्स हॅचचा निकाल (प्रश्न ७) आला आणि लाउडा ६४, हंट ४७ झाले. तीन शर्यती उरलेल्या, सतरा गुण मागे. इथे कुणीही हार मानली असती. हंटनं कॅनडा जिंकली, एका आठवड्यानं अमेरिकाही जिंकली. लाउडाला त्या दोन शर्यतींत फक्त ४ गुण. म्हणजे शेवटच्या शर्यतीला, जपानमधल्या फुजीला जाताना ६८ विरुद्ध ६५.

ब्रँड्स हॅचचा विजय कायम राहिला असता तर अमेरिकेनंतर हंट ७४ आणि लाउडा ६५ असते. शेवटची शर्यत लाउडा जिंकून बरोबरीत आला असता तरी जास्त विजय हंटचे, म्हणजे फुजीच्या आधीच निकाल लागला असता. नशिबानं त्याला दिलं तसं काढूनही घेतलं. जे फक्त 'दिलं' एवढंच सांगतात, त्यांनी हा अर्धा भाग वाचलेला नसतो.

९. फुजीला नेमकं काय घडलं? आणि लाउडानं गाडी का थांबवली?

२४ ऑक्टोबर १९७६, जपान. धो धो पाऊस, धुकं, ट्रॅकवर पाण्याचे ओहोळ. बऱ्याच ड्रायव्हरांना शर्यत नको होती, हंटलाही. तरी ती झाली. लाउडा दोन लॅपनंतर आत आला आणि उतरला. भाजलेल्या पापण्यांमुळे त्याला नीट डोळे मिटता येत नव्हते. जीव विजेतेपदापेक्षा मोठा आहे, हे त्यानं तेव्हाही सांगितलं आणि पुढेही कधी बदललं नाही. याला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

हंटला तिसरा क्रमांक पुरेसा होता. तो सुरुवातीपासून पुढे होता. मग पाऊस थांबला आणि ट्रॅक सुकू लागला. पावसाळी टायरचं रबर मऊ असतं, ते पाण्यानंच थंड राहतं. सुक्या डांबरावर ते तापून सोलवटून निघतं. मारिओ आंद्रेत्तीनं टायर जपले, हंटचे झिजले आणि शेवटी एका टायरची हवा गेली. पिटमध्ये चारही टायर बदलून तो बाहेर पडला तेव्हा पाचवा होता, हातात मोजक्या लॅप. त्यानं अॅलन जोन्स आणि रेगात्सोनीला गाठलं, पण आपण कितवे आहोत हे त्याला कळलंच नव्हतं.

गाडी थांबली तसा तो संतापानं लाल होऊन संघाचे प्रमुख टेडी मेयर यांच्यावर ओरडायला लागला: टायरसाठी आधी का बोलावलं नाही? मेयर हसत तीन बोटं दाखवत होते. तरी याचं ओरडणं सुरूच. तिसरा क्रमांक, ४ गुण, ६९ विरुद्ध ६८. विश्वविजेता झालेला माणूस आपण हरलो म्हणून भांडत होता.

१०. सिनेमात हंट आणि लाउडा एकमेकांचे वैरी दाखवलेत. तसं होतं का?

२०१३ च्या 'रश' या हॉलीवूडपटाबद्दल हा प्रश्न असतो. ट्रॅकवर प्रतिस्पर्धी, बाहेर मित्र. फॉर्म्युला थ्रीच्या दिवसांपासून ओळख, लंडनमध्ये काही काळ दोघं एकत्र राहिले होते. पत्रकाराला हंट बदडून काढतो तो प्रसंग पटकथेतला आहे. हंटचे खरे राग प्रश्न ४ आणि १२ मध्ये आहेत, तिथे सजवायची गरज नाही.

११. एवढा बेधडक माणूस शर्यतीआधी ओकायचा, हे खरं?

खरं. शर्यतीआधी त्याला उलट्या व्हायच्या, हात थरथरायचे. तो ते लपवत नसे. त्या काळी जवळजवळ दर वर्षी कुणी ना कुणी ड्रायव्हर मरत होता, तेव्हा भीती वाटणं हे शहाणपणाचं लक्षण होतं. मला तर अशा माणसाचं सुटल्यानंतरचं शांत ड्रायव्हिंग जास्त थोर वाटतं.

१२. चॅम्पियन झाल्यावर तो एवढ्या लवकर का घसरला?

एकदम घसरला नाही. १९७७ ला सिल्व्हरस्टोन, वॉटकिन्स ग्लेन आणि फुजी अशा तीन शर्यती जिंकला, पण गाडी अनेकदा बंद पडली आणि मोसमात पाचवा आला. त्याच वर्षी कॅनडाला त्याच्याच संघाच्या योखेन मासशी टक्कर झाली. त्या भरात त्यानं आवरायला आलेल्या मार्शलला, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षा स्वयंसेवकाला, ठोसा मारला. दंड झाला, आणि व्हायलाच हवा होता. मार्शल हे जीव धोक्यात घालून उभे राहणारे हौशी लोक असतात. या प्रसंगात त्याची बाजू घ्यायला माझ्याकडे काही नाही. फुजीला जिंकून तो पोडियमवर न जाता विमानतळाकडे निघून गेला. तो त्याचा शेवटचा विजय.

१९७८ ला मॅक्लॅरेन मागे पडली. लोटस संघानं गाडीला जमिनीला चिकटवणारी हवा वापरायचं तंत्र आणलं होतं, त्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. हंटला वर्षभरात ८ गुण. मग मोंझा घडलं.

१३. रोनी पीटरसनला हंटनं वाचवलं होतं ना?

आगीतून बाहेर काढलं. मोंझा १९७८, सुरुवातीलाच मोठी धडक, पीटरसनची लोटस पेटलेली. हंट, रेगात्सोनी आणि देपाये यांनी त्याला ओढून काढलं. पीटरसन शुद्धीवर होता, पाय चिरडलेले. रात्रीतून गुंतागुंत वाढली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

हंटनं दोष रिकार्डो पत्रेसे या तरुण ड्रायव्हरला दिला आणि पुढे वर्षानुवर्षं समालोचन करतानाही त्याला धारेवर धरलं. पत्रेसेवर इटलीत खटला चालला आणि तो निर्दोष ठरला. हंट त्या बाबतीत चुकला असं माझं स्पष्ट मत आहे.

१४. मध्येच का सोडलं? काढून टाकलं का?

नाही, स्वतः सोडलं. १९७९ ला तो वुल्फ संघात गेला, गाडी चांगली नव्हती. मोनॅकोच्या शर्यतीनंतर थांबला, वय ३१. मागच्या रांगेत राहण्यासाठी जीव धोक्यात घालायची त्याची तयारी नव्हती. त्याच्या जागी केके रोझबर्ग आला, जो पुढे विश्वविजेता झाला.

१५. समालोचक म्हणून कसा होता?

माझ्या मते ड्रायव्हर म्हणून जेवढा, तेवढाच मोठा. १९८० पासून बीबीसीचे समालोचक मरे वॉकर आणि तो, दोघांत एकच माइक. वॉकर उभे राहून उत्साहात बोलायचे, हंट बसून थंडपणे सांगायचा की अमुक ड्रायव्हर कामाचा नाही. वॉकरना सुरुवातीला तो अजिबात आवडला नव्हता, नंतर चांगली जोडी जमली. कुठला टायर कधी संपणार हे तो पडद्याकडे बघून आधी सांगायचा. झांडवूर्टवाला मेंदू तोच.

१६. शेवट दारूमुळेच झाला का?

असं सरसकट म्हणू नका. निवृत्तीनंतर दारू आणि नैराश्याची काही वर्षं वाईट गेली, पहिलं लग्न तर १९७६ मध्येच मोडलं होतं. पण शेवटच्या काळात त्यानं दारू-सिगारेट सोडली होती. विम्बल्डनच्या घरी बजरीगर पक्षी पाळायचा, लंडनभर सायकलनं फिरायचा, जुनी ऑस्टिन व्हॅन चालवायचा. दुसऱ्या लग्नापासून टॉम आणि फ्रेडी ही दोन मुलं, फ्रेडीही पुढे रेसिंगमध्ये आला. १३ जून १९९३ ला कॅनडाच्या शर्यतीचं समालोचन केलं आणि १५ जूनला पहाटे तो गेला.

१७. आज असा ड्रायव्हर चालेल का?

अवघड आहे. २०२४ ला सिंगापूरला पत्रकार परिषदेत एक शिवी दिली म्हणून मॅक्स व्हर्स्टापेन या ड्रायव्हरला समाजसेवेची शिक्षा झाली, ती त्यानं रवांडात पूर्ण केली. हंटला एका मोसमात किती समाजसेवा करावी लागली असती! त्यातल्या त्यात फिनलंडचा ड्रायव्हर किमी रायकोनेन जवळचा: कमी बोलायचं, हवं तेच करायचं. त्यानं एकदा हंटच्या नावानं शर्यतीतही भाग घेतला होता.

१८. काका, माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. हंटचे व्हिडिओ बघतो आणि रात्री मरीन ड्राइव्हला मित्रांच्या बाइकवर रेस लावतो. काय सांगू?

ताई, आधी हे सांगा की हंट मिनी घेऊन गेला तो सर्किटवर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर रेस लावणं गुन्हा आहे, आणि रात्री दोनला मरीन ड्राइव्हवर चालत असलेल्या माणसानं या शर्यतीत नाव घातलेलं नसतं. यात मी जराही सवलत देणार नाही.

मग त्याची आवड गांभीर्यानं घ्या. मुंबईत मोठं कायमस्वरूपी सर्किट नाही, ही खरी अडचण. शिकायचं तर चेन्नईचं सर्किट किंवा कोइम्बतूरचं कारी स्पीडवे गाठावं लागतं. इथे सुरुवात गो-कार्टिंगपासून होते, पुढे स्पर्धेचं लायसन्स एफएमएससीआय ही राष्ट्रीय संघटना देते. खर्च मोठा आहे, हे आधीच घरात बसून बोला. मुंबईचाच जेहान दारूवाला कार्टिंगमधून वर आला आणि २०२० मध्ये फॉर्म्युला टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या पायरीची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला, हे त्याला जरूर दाखवा. आणि एखाद्या रविवारी त्याच्यासोबत कार्टिंगला जा, तो वळणावर ब्रेक कुठे मारतो ते बघा. बेफाम मुलगा आणि ड्रायव्हर यांतला फरक तिथे लगेच दिसतो.

१९. हंटची कुठली शर्यत आधी बघू?

झांडवूर्ट १९७५. फुजी नंतर.